विश्वासराव पुन्हा झोपतात

सकाळी सहा वाजता विश्वासरावांनी जाहीर केलं, की आज ते इस्पितळात येणार नाहीत. मंजिरीच्या हातातली कपड्यांची पिशवी तिथेच गळून पडली.

"म्हणजे काय बाबा? दहाला ॲडमिट व्हायचंय! एक नस नव्वद टक्के बंद आहे, डॉक्टर साहेब बोलले ना? आज स्टेंट नाही बसला तर पुढची तारीख तीन हफ्त्यांनी!"

"पहाटे स्वप्न पडलं. लग्नाचं. बँड, मांडव, पंगत, सगळं. पहाटेच्या स्वप्नाचं फळ दहा दिवसांच्या आत मिळतं. आणि स्वप्नात लग्न दिसलं की काय होतं, ते तुला माहीत आहे."

मंजिरीला माहीत होतंच, शहरातल्या अर्ध्या लष्कर भागाला माहीत होतं. विश्वासराव चौतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, आणि स्वप्नांचा अर्थ लावण्यात त्यांचा हात धरणारं महाराज बाड्यापासून हजीऱ्यापर्यंत कोणी नव्हतं. स्वप्नात रडलात तर आनंद, साप चावला तर लाभ, स्वतःची चिता दिसली तर दीर्घायुष्य. आणि लग्नाचा थाट दिसला, तर मरण. लोक फोन करकरून विचारायचे आणि विश्वासराव त्यांना धीर द्यायचे. आज पाळी त्यांची स्वतःची आली होती, आणि मुलीचं निमूट ऐकतील तर ते विश्वासराव कसले!

रडून उपयोग नव्हता, भांडून तर त्याहून नव्हता. दोन महिने मनधरणी केली तेव्हा कुठे ते तयार झाले होते. मंजिरीने त्यांच्याच शास्त्राला हात घातला.

"बाबा, वाईट स्वप्न पडलं तर काय करायचं असतं? तुम्ही सगळ्यांना सांगता ते?"

"पुन्हा झोपायचं," विश्वासराव बेसावधपणे बोलून गेले. "नंतर चांगलं स्वप्न पडलं तर आधीच्याचं फळ जातं."

"मग झोपा!"

"आता?"

"आत्ताच्या आत्ता! साडेआठला निघायचंय. चला, आडवे व्हा!"

शास्त्रच आड आलं, त्यामुळे विश्वासरावांना नाही म्हणता येईना. ते तोंड पाडून खोलीत गेले, आणि घरात एकच धांदल उडाली. मंजिरीने पडदे ओढले, फोन बंद केले, दारावरच्या घंटेचं बटण काढून ठेवलं. तिचा नवरा विहंग चपला न घालताच खाली धावला आणि भाजीवाल्याच्या गाडीपुढे हात जोडून उभा राहिला. "भैया, आज इस गली में आवाज मत देना, प्लीज!" भाजीवाल्याला वाटलं कोणी गेलं. त्याने मान खाली घातली आणि गाडी मुकाट्याने पुढे नेली.

वरच्या मजल्यावरच्या सरोजिनीकाकूंना कळलं तेव्हा त्यांनी मिक्सर बंद केला आणि त्या स्वतःच खाली आल्या. मदत करायची म्हणजे त्यांना हुरूप येई. मंजिरी सदऱ्याची इस्त्री आटपून खोलीत डोकावते तो काय! काकू पलंगापाशी उभ्या, आणि विश्वासरावांच्या ओठाला जायफळ घातलेल्या गरम दुधाचा पेला.

"काकू! नका!" मंजिरीने झेपच घेतली. निम्मं दूध भिंतीवर आणि निम्मं काकूंच्या साडीवर. "उपाशीपोटी जायचंय त्यांना! पोटात काही गेलं तर परत पाठवतील!"

"अगोबाई! मला लागलं की झोप येईल त्यांना," काकू ओशाळल्या.

"एक घोटही घेतला नाही मी," विश्वासराव तक्रारीच्या सुरात म्हणाले. "चव बरी असावी."

पावणेआठ झाले. मंजिरीने पुन्हा फटीतून पाहिलं. डोळे मिटलेले, पण पायाचे अंगठे हलत होते. आठ वाजले. सव्वाआठ. ती दाराबाहेर फरशीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. आवाज होऊ द्यायचा नव्हता.

साडेआठला दार धाडकन उघडलं. "दिसली!" विश्वासराव गरजले. "चिता दिसली! माझीच! चंदनाची!"

काकूंनी टाळ्याच पिटल्या. विहंग तीन-तीन पायऱ्या गाळत गाडी काढायला पळाला. मंजिरीला तर नाचावंसं वाटलं. तिने वडिलांच्या अंगात सदरा चढवला, केस विंचरले, त्यांचा हात धरला आणि जिन्याकडे निघाली.

तो हात बर्फासारखा गार होता.

दोन पायऱ्या उतरल्यावर तिच्या लक्षात आलं. चांगलं स्वप्न फळ मिळेपर्यंत कोणाला सांगायचं नसतं, सांगितलं की फळ जातं. तिच्या दहावीच्या वेळी बाबांना काहीतरी शुभ दिसलं होतं, तर निकाल लागेपर्यंत त्यांनी ते आईलाही सांगितलं नव्हतं. तोच माणूस आज दवंडी पिटत होता.

गप्प राहिलं तर काम होत होतं. खाली गाडी सुरू झाली होती. पण बाबा आपण मरणारच असं मनात धरून तिच्यासाठी चालले होते, आणि ते तिला सोसवेना.

"बाबा, झोप लागलीच नाही ना?"

विश्वासराव कठड्याला धरून थांबले. "तू रडत होतीस. ऐकू आलं."

"तुम्हीच शिकवायचात, स्वप्नातलं सगळं पाहणारा स्वतःच उभं करतो. रस्ता तो स्वतःच, घोडा तोच, स्वारही तोच. मग तो बँड कोणी बोलावला?"

खालून हॉर्न वाजला.

"मीच," ते हळूच म्हणाले.

"लग्न कोणाचं होतं?"

"तुझ्या आईचं. आणि माझं."

आईला जाऊन चार वर्षं झाली होती.

"माळ घेऊन उभी होती. बोलावत नव्हती गं, नुसती उभी होती. मलाच धावत जावंसं वाटलं. जाग आली त्याचं वाईट वाटलं, मंजू. तिथे टेबलावर भूल देतील, ती पुन्हा तशीच दिसेल, आणि मला परत यावंसं वाटणारच नाही. त्याची भीती वाटते."

मंजिरीला रडू आलं आणि त्याच दमात हसूही फुटलं. "बाबा, भूल देतच नाहीत! फक्त मनगट बधिर करतात. तुम्ही एकदम जागे असणार, डॉक्टरांशी गप्पा मारत!"

"जागा? शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत!"

"हे आधी नाही सांगितलंस!"

"तीनदा सांगितलं! तुम्ही ऐकता कुठे?"

विश्वासरावांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी तिचा हात सोडला आणि भराभर उतरायला लागले. "विहंग, मागचं दार उघड! उशीर केलात सगळ्यांनी!" शेवटच्या पायरीवर ते थबकले, वळून मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "थांबेल ती. माझी वाट बघायची तिला सवय आहे."