लक्ष द्यायचं नाही

मुंबईहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या माणसाशी पुढे महिनाभर बोलायची सोय राहत नाही. सुषमाचं तसंच झालं होतं. डहाणूच्या एका छोट्या संस्थेत ती विशेष शिक्षिका होती. तलासरीच्या पाड्यांवर घरोघर जाऊन न बोलणाऱ्या, मागे पडलेल्या मुलांना शिकवायचं, हे तिचं काम. २०१७च्या जानेवारीत ती परतली ती वर्तन मोजायची विद्या घेऊनच. मूल चावतं? दिवसातून किती वेळा? रडतं? किती मिनिटं? त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं? "आकडा खोटं बोलत नाही," असं तिथल्या सरांनी सांगितलं होतं. खरंच आहे, आकडा खोटं बोलत नाही. तो मुळात बोलतच नाही, हे सांगायचं मात्र सर विसरले. सुषमाने ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि पहिली पाळी आली रियाची.

रिया सात वर्षांची, पाड्यावरच्या लाडकी नावाच्या मजूर बाईची थोरली मुलगी. तिला बोलता येत नव्हतं, पण भूक लागली की आईचा हात धरून चुलीपाशी न्यायची. लाडकी चिकूच्या वाडीवरून मजुरी करून आली की तिच्या पदरात डोकं खुपसायची. डिसेंबरपासून ती स्वतःच्या उजव्या कानावर थापडा मारायला लागली होती. लाडकी तिचे हात धरायची, तिला कुशीत घ्यायची, की पोर जरा वेळ थांबायची. सुषमाच्या डोक्यात लगेच ट्यूब पेटली. आई जवळ घेते ना, म्हणूनच पोर मारते!

"डॉक्टरला दाखवलंय ना, ताई?" प्रशिक्षणात मिळालेल्या यादीत हा प्रश्न पहिला होता, म्हणून सुषमाने तो विचारला.

"दाखवलंय की."

सुषमाने बरोबरची खूण केली. लाडकीने दाखवलं होतं ते दोन वर्षांपूर्वी, अपंगाच्या दाखल्याच्या शिबिरात. डॉक्टरांनी टेबलापलीकडून पोरीकडे एकदा पाहिलं होतं आणि शिक्का मारला होता. लाडकी काही खोटं बोलली नव्हती.

"आता आठवडाभर फक्त मोजायचं," सुषमा म्हणाली. "अडवायचं नाही, रागवायचं नाही, जवळ घ्यायचं नाही."

"रडली तरी?"

"रडली तरी. लक्षच द्यायचं नाही."

लाडकी घोटाळली. "लक्ष नाय द्यायचं, तर मोजू कशी?"

सुषमाला हसू आलं. "पाठ करून बसायचं. थापडेचा आवाज येतो ना, तो मोजायचा."

लाडकीला लिहिता येत नव्हतं. म्हणून एका थापडेला एक चिंचोका, वाटीतून डब्यात. आठवडाभराची मजुरी बुडवून ती घरी राहिली. मांडीवर वर्षाचा धाकला, पुढ्यात वाटी, आणि पोरीकडे पाठ. संध्याकाळी चिंचोके मोजून ती सुषमाला फोन करायची. सोमवारी बावन्न, मंगळवारी एकसष्ट, बुधवारी अठ्ठावन्न.

"मारायच्या आधी काय होतं?" सुषमा रोज विचारायची.

"काय पण नाय होत, बाई. बसल्या जागी मारते. निजेतपण मारते."

सुषमाने रकान्यात लिहिलं, कारण आढळले नाही. झोपेत मारणारं पोर कुणाचं लक्ष वेधायला मारत नसतं, हे शेजारच्या म्हातारीलाही कळलं असतं. पण म्हातारीने प्रशिक्षण घेतलं नव्हतं ना.

गुरुवारी तेहतीस झाले, शुक्रवारी अकरा. सुषमाने आलेख काढला, रेघ कशी सुरेख खाली आली होती. तिने तो संस्थेत सगळ्यांना दाखवला. शनिवारी दुपारीच लाडकीचा फोन आला. "दोनच, बाई."

"शाब्बास ताई!"

"पण ती निजूनच हाय. जेवतपण नाय."

"शांत झालीय हो. तेच तर हवं होतं आपल्याला."

त्याच संध्याकाळी लाडकीचा नवरा काकड्या उंबरगावच्या कारखान्यातून आठवड्याच्या सुट्टीला घरी आला. त्याने पोरीच्या अंगाला हात लावला आणि तिला तशीच खांद्यावर टाकून रिक्षा गाठायला धावला. दवाखान्यात कळलं, कानातला पू मेंदूपर्यंत पोचला होता. महिनाभर आधी आणली असती तर औषधावर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मंगळवारी रिया गेली.

सुषमाने त्या रात्री प्रशिक्षणाची वही पुन्हा उघडली. पहिल्याच दिवशीचं टिपण होतं, तिच्याच अक्षरात: सुरुवातीची मोजणी चालू असताना घरच्यांनी नेहमीसारखंच वागावं, काहीही बदलू नये. लक्ष न देण्याचा धडा तिसऱ्या दिवशीचा होता, तोही दुखणंखुपणं नाही याची खात्री झाल्यावरचा. दोन धड्यांची तिने खिचडी केली होती. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

आठ दिवसांनी ती पाड्यावर गेली. लाडकी ओट्यावर बसली होती, धाकला बाजूला गोधडीवर निजला होता. लाडकीने तिला पाणी दिलं. रागाने एक शब्द बोलली असती तर सुषमाला बरं वाटलं असतं.

"बाई, एक विचारू?" लाडकी म्हणाली. "ती पुढ्यात येऊन हात पसरायची. मी नाय घेतलं. घेतलं असतं तर चाललं असतं का?"

"नाही," सुषमा म्हणाली. "नसतं चाललं."

"मग बरं." लाडकीने डोळे पुसले. "मला वाटलं, उगाच रडू दिलं पोरीला."

तेवढ्यात धाकला जागा झाला आणि रडायला लागला. लाडकी जागची हलली नाही. तो रांगत तिच्याकडे आला, तिच्या लुगड्याला लोंबकळला, घसा फुटेस्तोवर ओरडायला लागला. लाडकीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते आणि ती सुषमाकडे बघत होती, शाळेतली मुलगी बाईंकडे बघते तशी.

"घे गं त्याला!" सुषमा ओरडली. "घे, लाडकी! चालतं. तिलाही घेतलेलं चाललं असतं. घ्यायलाच हवं होतं. मीच तुला चुकीचं सांगितलं."

लाडकीने धाकल्याला उचलून छातीशी धरलं. तो हुंदके देत देत गप्प झाला, तरी ती त्याला थोपटतच राहिली. सुषमा उभी राहिली होती.

"ती पाच दिवस हात पसरत होती, बाई," लाडकी म्हणाली. "सहाव्या दिवशी तिने पसरले नाय."