मोहाच्या तेलाचा वास

कार्तिकात तलावातले शिंगाडे निघाले की मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. आंबागडला नवी आले तेव्हाही माझे नेम असेच होते. सोमवार, गुरुवार, एकादशी. सासूबाई म्हणायच्या, "ही पोरगी जेवते तरी कवा?" आमचे हे, परसराम, कमरेएवढ्या पाण्यात उतरून माझ्या उपासाला शिंगाडे आणत. मी उकडायची, ते सोलायचे. काटा बोटात रुतला की टिचकी मात्र माझ्या हातावर.

त्यांचा हात बांबूचा. काठ्या, शिड्या घरीच करत. वाकड्या बांबूला मोहाचं तेल लावायचं, विस्तवावर शेकायचं, दाबत दाबत सरळ करायचं. त्या तेलाचा वास त्यांच्या अंगाला, आमच्या पांघरुणाला. देवघरातल्या उदबत्तीइतकाच तो माझ्या ओळखीचा.

गेल्या वर्षी कार्तिकी एकादशीनंतर थोड्याच दिवसांत त्यांनी आपली खाट ओसरीवर नेली.

"माया खोकल्यानं तुया पूजेत खोळंबा होते," म्हणाले.

खोकला त्यांना नव्हता. शिंगाडे आणत, पण उंबऱ्याशी ठेवून निघून जात. मला वाटलं, पन्नाशी उलटली, माणसाला विरक्ती आली असेल. आमची रक्षा सिहोऱ्याला दिली आहे. ती फोनवर म्हणाली, "माय, बाबा साधू झाले का वो?" मी हसले. फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही.

मग एका सकाळी परसात फुलं तोडताना गोठ्याकडून तापल्या मोहाच्या तेलाचा वास आला. घरात तर कितीतरी दिवसांत बांबू आला नव्हता. जाऊन पाहते तर हे भिंतीकडे तोंड करून बसलेले. निखाऱ्यावर तेलाची वाटी. चेहरा वेदनेने घामेजलेला. मला पाहून त्यांनी घाईने लुंगी सावरली.

"अजी, काय झालं?"

"काही नाही. तू जाय."

मी गेले नाही. फुलांची परडी मांडीवर घेऊन तिथेच बसले. भिंतीकडे पाहतच त्यांनी सांगितलं. पुरुषाच्या त्या जागी आत टणक गाठ लागते. ताठरता आली की विळ्यासारखं वाकडं होतं, दुखतं. म्हणून ते रोज तेल लावून शेकत होते, दाबून सरळ करू पाहत होते. बांबूसारखं. त्याने दुखणं अजूनच वाढलं होतं.

"काहून नाही सांगितलं मले?"

"काय सांगू? एकादशीले तुया उपास होता, आन् मी तुयाजवळ आलो. त्याच्यानंतरच झालं हे. तुया देवानं शिक्षा देल्ली मले. आता दूरच रायतो मी."

इतकी वर्षं मी ज्याच्यापुढे दिवा लावला, त्याच्याबद्दल माझा माणूस हे मनात धरून एकटा झोपत होता.

"देवाले हेच काम हाये का? आन् उपास माया होता. शिक्षा तुमाले कायले?"

"तुले तं काही झालं नाही."

"झालं ना," मी म्हटलं. "एकटी झाली."

चौथ्या दिवशी ते माझ्याबरोबर नागपूरच्या गाडीत बसले.

डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी केली, साखर तपासायला लावली. लिंगाच्या आतल्या पडद्याला कधी नकळत इजा होते, तिथे वण धरतो. तो ताणला जात नाही, म्हणून तिकडे वाक येतो, असं त्यांनी सांगितलं. हा कॅन्सर नाही, कोणाचं पाप नाही. पण शेकणं, दाबणं आजपासून बंद. ऑपरेशनची आत्ता गरज नाही. गाठीत काही दिवसांच्या अंतराने इंजेक्शनं, आणि रोज काही वेळ लावायचं, सरळ दिशेला हलकेच ओढून धरणारं एक साधन.

"पूर्ण सरळ होईल असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "दुखणं जाईल, वाक कमी होईल. महिने लागतील."

"डॉक्टरसाहेब, एका दमात नाही का होत?" यांनी विचारलं.

मी हळूच विचारलं, "बांबू एका दमात सरळ केला तं काय होते?"

"तडकते," हे म्हणाले, आणि खाली पाहू लागले.

इंजेक्शनं त्यांनी सोसली. साधन मात्र लाजेने पेटीतून काढत नव्हते. मग मीच नेम बांधून दिला. सकाळी मी पोथी वाचायची, तेवढा वेळ त्यांनी पडद्याआड ते लावून बसायचं. उभ्या जन्मात पोथीला न बसलेला हा माणूस, आता आतून म्हणायचा, "जरा मोठ्यानं वाच, आयकू नाही येत." कधी म्हणायचा, "घरात एकीचे नेम पुरत नव्हते का वो?" एकदा मी घाईत होते, तर आवाज आला, "कालचा अध्याय अर्धाच राह्यला होता."

दुखणं आधी गेलं. वाक हळूहळू उतरला. थोडा आहे अजून. तेवढ्याने काही अडत नाही, डॉक्टर म्हणतात.

यंदाच्या कार्तिकी एकादशीला हे तलावातून आले ते उंबऱ्याशी थांबले नाहीत. शिंगाडे मी उकडले, ते अंगणात सोलायला बसले. बोटांना जुनाच तेलाचा वास. सकाळीच एका शिडीचा बांबू शेकला होता. काटा रुतला, टिचकी माझ्या हातावर आली.

"आज तुया उपास हाये ना?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"उपास जेवणाचा हाये," मी म्हटलं.

हातातला शिंगाडा त्यांनी ताटात ठेवला आणि ओसरीवर गेले. खाटेचं एक टोक त्यांनी उचललं, दुसरं मी धरलं.