पहिला घास माझा

मित्रांनो, मी एक म्हातारा न्यूट आहे. मला पाल म्हणू नका, राग येतो. माझी भावकी बेडकाची. पाठ काळी, पोट लाल आणि लांबी तुमच्या मधल्या बोटाहून थोडी जास्त.

मीरा रोडच्या एका दुकानात मी अंग चोरून बसलो होतो. तिथून पूर्वी नावाच्या मुलीने मला हाटकेशला घरी आणले आणि पाणी, दगड नि पाने घातलेल्या काचेच्या पेटीत ठेवले. घर मायेचे होते. पूर्वीची आजी शालन, तिची एक जुनी रीत होती. त्यांची भातशेती होती तेव्हा गोठ्यातल्या बैलांना घास दिल्याशिवाय घरात कोणी जेवत नसे. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, बैल गेले, रीत मात्र राहिली. बैलांचा तो मान मला मिळाला.

पण तिघांच्या जेवणाच्या वेळा निरनिराळ्या. आजी लवकर जेवायची, पूर्वी शिकवणीहून आल्यावर आणि तिचे बाबा भूपेश कामावरून परतल्यावर. जो तो ताटावर बसण्याआधी मला गांडुळाचे तुकडे टाकायचा. दुसऱ्याने आधीच टाकलेत हे कोणाच्या ध्यानी यायचे नाही. मीही काही कमी नव्हतो. माणूस दिसला की काचेशी जाऊन तोंड वर करायचो. आमची जातच हावरी!

बाजूने पाहणाऱ्याला मी गुटगुटीत दिसायचो. आजी शेजारणींना कौतुकाने दाखवायची. पुढे मला दगडावर चढवेना. एके दिवशी घसरलो तो पाण्यातच पडून राहिलो. समोर गांडूळ आले तरी तोंड उघडेना. तेव्हा मी खरोखर घाबरलो.

पूर्वी आणि आजीने मला डब्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टर तेजश्री यांच्याकडे नेले. घरात मला कोण कधी भरवते ते त्यांनी विचारून घेतले आणि मला वरून पाहिले. धड साधारण डोक्याएवढेच रुंद हवे, असे त्यांनी सांगितले. त्याहून फुगले तर खाणे जास्त होतेय. हाडे दिसू लागली, शेपटी सुकली तर कमी पडतेय. मोठ्या न्यूटला आठवड्यातून दोन-तीनदा थोडे तुकडे पुरतात.

आजीचा चेहरा उतरला. "मुक्या जीवाला उपाशी ठेवून माझ्या गल्याखाली घास न्हाय उतरायचा," ती म्हणाली.

"आजी, तो तुमच्याकडे दिवसातून तीनदा जेवतोय," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "असंच चाललं तर तो जगणार नाही."

त्या दिवसापासून माझे खाणे एकट्या आजीच्या हाती आले. पहिल्या उपासाच्या दिवशी मी सवयीने तोंड वर केले. आजीने ते पाहिले, वाढलेले ताट झाकले आणि तीही जेवली नाही. मला फार वाईट वाटले. माझ्या हावरेपणापायी म्हातारी उपाशी राहिली होती. पुढच्या वेळी तिची चाहूल लागताच मी पानांआड गप्प बसलो. निजला वाटतं, असे पुटपुटत ती जेवायला गेली.

आता मी पुन्हा दगडावर चढतो. मित्रांनो, मुक्या जीवाला जरूर भरवा, पण आधी घरात विचारा आणि त्याच्याकडे वरून नीट बघा. आमची आजी आता तसेच करते. माझ्या उपासाच्या दिवशी रिकाम्या हाताने पेटीवर वाकते, माझे पोट न्याहाळते आणि मग निवांत आपला पहिला घास घेते.