गाण्यासाठी सोडलेली जागा

रेकॉर्डिस्टने हेडफोनची पट्टी दोन खाचा आत सरकवली, तो बाईंच्या कानांवर नीट बसवला आणि काचेपलीकडे बघून अंगठा वर केला. पलीकडे गोल टेबलाशी बाईंचे यजमान बसले होते. आयुष्यभर पूल बांधले म्हणून सगळे त्यांना पूलसाहेब म्हणत. आज अंगात इस्त्रीचा सदरा, समोर पाण्याचा पेला आणि खिशात आवडत्या सात गाण्यांची यादी. ती यादी त्यांनी आठवडाभर कुणाला दाखवली नव्हती, बाईंनासुद्धा नाही.

"ऐकू येतंय ना, बाई?" रेकॉर्डिस्टने विचारलं. पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस. "ओळखलंत का मला? सातवीत तुमच्याकडे गणिताला होतो."

"न ओळखायला काय झालं? सारखी चुळबुळ चालायची तुझी."

"अगदी बरोबर." तो एकदम खूश झाला. "एवढी पोरं हाताखालून गेली, तरी तुमच्या लक्षात आहे."

बाई हसल्या. चुळबुळ न करणारं सातवीतलं पोर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. वर्षभर त्या असंच बोलत आल्या होत्या. कुणालाही लागू पडेल असं काहीतरी म्हणायचं आणि उरलेलं समोरच्याला भरू द्यायचं. वेळ मारून नेण्यात त्या चांगल्याच तयार झाल्या होत्या.

मागच्या महिन्यात त्या एकट्याच डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. डॉक्टरने कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. छत्तीस वर्षं फळ्यावर वर्तुळं काढलेल्या बाईंनी वर्तुळ झकास काढलं आणि बाराही आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसवले. कागद उलटा धरून, सुलटा धरून त्यांनी पाहिला. काय चुकलंय ते कळेना, पण चुकलंय एवढं कळत होतं. "पुढच्या वेळी घरचं कुणीतरी बरोबर आणा," डॉक्टर म्हणाला. ती पुढची वेळ येत्या गुरुवारी होती. घरी बाईंनी अजून चकार शब्द काढला नव्हता.

काढणार तरी कसा? हेडफोनमधून पूलसाहेबांचा आवाज येत होता.

"माझं डोकं फक्त खांब आणि तुळया एवढ्यापुरतं. नावं, तारखा, कुणाचं कुणाशी बिनसलंय, हा सगळा कारभार बायकोकडे. समारंभात समोरून कुणी आलं की ती हळूच कानात नाव सांगते, मग मी त्याला मिठी मारतो."

निवेदिका हसली. इकडे रेकॉर्डिस्टही हसला आणि त्याने बाईंकडे कौतुकाने पाहिलं. माणसाने आपली सगळी आठवण बायकोच्या पदराला बांधून निर्धास्त व्हावं आणि पदर तिकडे विरत चाललेला असावा, याची त्यांना भीती वाटत होती, आणि थोडा रागही येत होता.

रेडिओवरच्या या कार्यक्रमाची एक रीत होती. पाहुणा आयुष्य सांगे, मधे मधे आवडतं गाणं सांगे, पण ते गाणं तिथे वाजवत नसत. नाव घेऊन झालं की सगळे दहा सेकंद गप्प बसत. रेकॉर्डिस्ट नंतर त्या रिकाम्या जागेत गाणं बसवी. रविवारी सकाळी लोक घरोघरी गाणी ऐकत. प्रत्यक्ष खोलीत मात्र नुसती शांतता आणि पंख्याची घरघर. दुसरी रीत अशी, की शेवटच्या गाण्याआधी घरचं एक माणूस आत येऊन चार शब्द बोलायचं. बाईंना त्यासाठीच बोलावलं होतं. चार शब्दांची त्यांनी घरी तयारी केली होती, पर्समधल्या छोट्या वहीत ते लिहूनही ठेवले होते.

पाच गाणी झाली. पूलसाहेब पाणी प्याले.

"सहावं गाणं बायकोचं," ते म्हणाले. "आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हाचं. तेव्हा नदीवर पूल नव्हता, लाँचने जावं लागायचं. ही पलीकडच्या शाळेत नवीनच लागली होती. मी नदीचं मोजमाप घ्यायला आलेला. धक्क्यावर चहाच्या टपरीत रेडिओ लागलेला, त्यावर हे गाणं चाललं होतं. हिच्या हातात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा. वारा सुटला आणि गठ्ठा गेला उडत. मी माझी उपकरणं टाकून पेपरांमागे धावलो आणि सगळे गोळा करून दिले."

मग त्यांनी गाण्याचं नाव सांगितलं. बासरीने सुरू होणारं एक जुनं गाणं. निवेदिकेने मान डोलावली. सगळे गप्प झाले.

त्या दहा सेकंदांत बाई नदीवर जाऊन आल्या. लाँच होती. धक्का होता, ओल्या दोरखंडाचा वास होता, चहाची टपरीही होती. पलीकडची शाळा तर होतीच, तिच्या खिडकीचं मोडकं दारसुद्धा त्यांना दिसलं. पण वारा नव्हता. उडणारे पेपर नव्हते, त्यांच्यामागे धावणारा तरुण इंजिनिअर नव्हता. सगळं सामान जिथल्या तिथे आणि नेमका माणूस तेवढा गायब.

असं कसं होईल? स्वतःच्या नवऱ्याची पहिली भेट माणूस विसरतं का? आणि हे, ज्यांना काल जेवताना काय खाल्लं ते सांगता येत नाही, त्यांना इतकं तपशीलवार कसं आठवतं? कुणा दुसरीचे तर नव्हेत ना ते पेपर? बाईंना क्षणभर वाटलं की तसं असेल तर बरं. मत्सर परवडला. मग आपल्याच विचाराची त्यांना कमाल वाटली.

निवेदिका कागद चाळत होती, तेवढ्यात बाई रेकॉर्डिस्टकडे वळल्या.

"मला ते गाणं जरा ऐकवतोस?"

"आत्ता? ऐकवतो की." त्याने कळ दाबली.

बासरी वाजली. मग गायिकेचा आवाज आला, कोवळा, जरा अनुनासिक. बाईंना पुढची ओळ यायच्या आधीच येत होती. त्यांना धीर आला. पण समोर रेकॉर्डिस्टही ओठ हलवत होता, आणि तो तर तेव्हा जन्मलाही नसेल. हे गाणं कुणाला येत नाही? त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

"बाई, चला, तुमची पाळी," तो म्हणाला आणि जड दार उघडून धरलं.

दोन दारांमधल्या अरुंद जागेत बाई थांबल्या. खरं सांगून टाकावं, त्यांना वाटलं. मला यातलं काहीही आठवत नाही, एवढंच वाक्य. पण ते इथे, माइकसमोर? रविवारी शाळेतल्या सगळ्या जुन्या पोरी ऐकणार. आणि यांना ते असं, सगळ्यांबरोबर कळणार. त्या आत गेल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"बाई, आत्ताच आम्ही धक्क्यावरची गोष्ट ऐकली," निवेदिका म्हणाली. "तुमच्या बाजूने ती कशी होती?"

चार शब्दांची वही बाहेर पर्समध्ये राहिली होती. बाईंनी पूलसाहेबांकडे पाहिलं. ते पेल्याशी चाळा करत होते.

"हे सांगतात तसंच," बाई म्हणाल्या. "फक्त सगळे पेपर सापडले असं यांना वाटतं, ते काही खरं नाही. एक पाण्यात गेला. तो वाहत जाताना मी बघत होते. लाल शाईने अर्धा तपासलेला."

"मग त्या मुलाचं काय केलंत?"

"काय करणार? पास केलं. आयुष्यात तेवढी एकच लबाडी केली मी."

निवेदिका खळखळून हसली. पूलसाहेब हसले नाहीत. पेला त्यांच्या हातात तसाच अधांतरी राहिला होता आणि ते बाईंकडे टक लावून बघत होते. बाईंनी नजर टेबलावर वळवली. पकडलं आपल्याला, त्यांना वाटलं. नसलेला पेपर सांगितला, ते यांच्या लक्षात कसं येणार नाही. सातवं गाणं कुठलं होतं, ते त्यांनी ऐकलंच नाही.

निघताना रेकॉर्डिस्टने बाईंना वाकून नमस्कार केला. जिना उतरून दोघं बाहेर आले आणि पायरीवरच पूलसाहेबांनी बाईंचा दंड धरला.

"काय गं बाई तू."

"का? काय झालं?"

"कसलं सांभाळून घेतलंस. आणि वर तो पाण्यातला पेपर! मला तर वाटलं, आता ही सगळ्यांसमोर मला तोंडघशी पाडणार."

बाईंना काही कळेना. "म्हणजे?"

"अगं, ते सगळं मी रचलेलं ना. त्या निवेदिकेने फोनवर पिच्छाच पुरवला, पहिल्या भेटीचं गाणं हवंच म्हणून. चार दिवस डोकं खाजवलं. मग नदी घेतली, तुझी शाळा घेतली आणि दिलं ठोकून. उपकरणं टाकून मी धावेन का? सरकारी उपकरणं होती ती."

बाईंनी कठडा धरला आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. आठवत नव्हतं कारण ते घडलंच नव्हतं. डोकं शाबूत होतं, घड्याळ त्या दिवशी उगाच घाईत काढलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वळून पाहिलं, तरी त्यांना हसू आवरेना.

"मग मला नाही का विचारायचं?" त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"यादी घरी कुणाला सांगायची नाही असा त्यांचा नियम. आणि खरं सांगू? लाज वाटली. एवढ्या वर्षांनी बायकोला कसं विचारायचं, आपण पहिल्यांदा कुठे भेटलो म्हणून. माझ्या एवढंही लक्षात नाही." ते गाडीजवळ थांबले. किल्ली काढली, पण दार उघडलं नाही. "आता मात्र सांग. खरं कुठे भेटलो आपण?"

"तुम्ही तेव्हाही असेच होतात," बाई हसत म्हणाल्या. "वेंधळे."

"ते असेनच. पण कुठे?"

बाईंनी बोलायला तोंड उघडलं. पूलसाहेब समारंभात नाव ऐकायला वाकत तसे त्यांच्याकडे जरा वाकले आणि थांबले. त्यांना अजिबात घाई नव्हती. रस्त्यावरून दोन सायकली गेल्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली. बाई पुन्हा धक्क्यावर गेल्या, शाळेत गेल्या, माहेरच्या ओसरीवर गेल्या, आणि तिथून परत आल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी मोकळे आहात का? मला एका ठिकाणी जायचंय. घरचं कुणीतरी बरोबर आणायला सांगितलंय."