पाठमोरा कोंबडा

वेल्डरबाईंनी ताडपत्री ओढली आणि अख्ख्या गावानं टाळ्यांचा कडकडाट केला. वीस फुटी कोंबडा! ट्रकच्या पत्र्याचे पंख, हेडलाइटचे डोळे, सायलेन्सरच्या नळ्यांची शेपूट. चार महिने बाईंना धड जेवणाचीही शुद्ध नव्हती. एवढं जुनं हमरस्त्यावरचं गाव, पण बाहेरून नवा रस्ता झाला आणि गावात कुत्रंही फिरकेना. म्हणून गाड्या थांबवायला नव्या रस्त्यावरून दिसेल असा हा कोंबडा. नगराध्यक्षांनी बजावलं होतं, "रविवार संध्याकाळपर्यंत गाड्या थांबल्या तर ठीक. नाहीतर कोंबडा भंगारात!"

टाळ्या थांबल्या तेव्हा बाईंचा धाकटा भाऊ, पाट्या रंगवणारा पेंटर, हळूच म्हणाला, "ताई, गाड्या आता मागून येतात ना गं?"

बाई गर्रकन मागे वळल्या. जन्मभर गाड्या गावातल्या जुन्या पुलाकडून येताना पाहिलेल्या. दोघांनी सवयीनं कोंबड्याचं तोंड पुलाकडे, गावाकडे केलं होतं, आणि पाय काँक्रीटमध्ये पक्के झाले होते. नव्या रस्त्यावरच्यांना दिसणार काय, तर ढुंगण!

"गाढवा, आज सुचलं तुला?"

"तू तरी कुठं पाहिलंस!"

रविवारी बाई कोंबड्याच्या पायाशी तोंड पाडून बसल्या. चार महिन्यांचं काम मातीत जाणार म्हणून रडू कोसळत होतं. तेवढ्यात एक गाडी करकचून थांबली. चार बायका उतरल्या त्या पोट धरून हसतच.

"अहो, याला तोंड आहे की नाही?"

"आहे तर!" पेंटर म्हणाला. "पण मधे नाला आहे, गावातून वळसा घालून यावं लागेल."

निघाल्या की बायका! वाटेत चहा प्यायल्या, चपला घेतल्या, जुन्या घरांचे फोटो काढले आणि तासाभरानं कोंबड्यासमोर उभ्या राहून पुन्हा हसल्या. मागोमाग दुसरी गाडी, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत चहावाल्या काकूंचं दूध दोनदा संपलं.

नगराध्यक्ष धापा टाकत आले. "बाई, कोंबडा राहणार! उद्या क्रेन बोलावतो. त्याचं तोंड तेवढं रस्त्याकडे करून घेऊ."

बाई ताडकन उठल्या. "खबरदार! तोंड रस्त्यावरूनच दिसलं, तर गावात येईल कोण? कोंबड्याला हात लावायचा तर आधी मला उचला."

"साहेब, नादी लागू नका," पेंटर म्हणाला. "ताईला उचलायला एक क्रेन पुरायची नाही."