लवंगीची पाठ

निनादचं जावळ काढलं तो रविवार मोठ्या हौसेचा होता. मामा म्हणून कमलिनीचा भाऊ मोहन खास इंदूरहून आला होता. भाच्याला मांडीवर घेऊन तो बसला, न्हाव्याने वस्तरा लावला आणि निनादने रडून सगळी क्वार्टर्सची ओळ डोक्यावर घेतली. त्याच्या वरताण लवंगीचं भुंकणं. बाळाचं डोकं एकदाचं तुळतुळीत झालं तेव्हा मोहन म्हणाला, "दिलीपराव, हिचंही जावळ उरकून टाका! भोपाळचा मे महिना, आणि ही बिचारी घोंगडं पांघरून हिंडतेय."

कमलिनीच्या नवऱ्याला, दिलीपला, ते एकदम पटलं. न्हावी हसत सुटला, पण पेटीच्या तळातलं जुनं मशीन काढून त्याने लवंगीला मानेपासून शेपटीपर्यंत भादरून दिलं. सगळ्यांना वाटलं, मुकं जनावर सुटलं बिचारं.

लवंगी त्यांच्याकडे आली ती काशिनाथरावांकडून. कारखान्यातले दिलीपचे साहेब. हैदराबादला बदली झाली तेव्हा डोळ्यांत पाणी आणून त्यांनी ही एवढीशी फॉक्स टेरियर कुत्री दिलीपच्या हवाली केली होती. जाताजाता तिचं कूळही सांगितलं. "विलायतेतली जात. कोल्ह्याच्या शिकारीला साहेब लोक घोड्यावरून जायचे ना, तेव्हा हिचे पूर्वज खोगिराला लावलेल्या पिशवीत बसून जायचे. कोल्हा बिळात शिरला की हे आत जाणार. अंधार, समोर दात, मागे वळायला जागा नाही. पण भीती म्हणून ठाऊक नाही! आणि अंग पांढरं का, तर बाहेर आलं की कोल्हा समजून कुणी मारू नये." मग त्यांनी तिच्या पाठीवरचे काथ्यासारखे राठ केस चिमटीत धरून दाखवले. "हे तिचं चिलखत. कात्री लावायची नाही. मेलेले केस तेवढे बोटांनी उपटायचे."

घरी येऊन दिलीप म्हणाला होता, "उपटायचे? साहेबांचं काहीतरीच. कोंबडी आहे का ती?"

तर असं ते चिलखत उतरलं. दोन-तीन दिवसांतच लवंगी बदलली. बागेत मोगऱ्याखाली खणायची ती खणेना. पाठ भिंतीला घासायची, उठायची, कूलरखाली जायची, पुन्हा उठायची. तिला स्वस्थता नाही म्हणून कमलिनीलाही नाही. बाळ झोपलं की घटकाभर आडवं व्हावं, तर त्या नखांचा फरशीवर कट कट आवाज.

आणि एका सकाळी ते झालं. निनाद रांगत गेला आणि उभं राहायला म्हणून त्याने लवंगीच्या पाठीवर दोन्ही पंजे टेकले. ती गुरगुरली, गर्रकन वळली आणि तिचे दात बाळाच्या मनगटापाशी वाजले. ओरखडासुद्धा उठला नाही. पण सासूबाई समोर भाजी निवडत बसल्या होत्या.

"दिलीप, घरात एक तर माझा नातू राहील, नाही तर ही."

दिलीपचा मित्र गजानन अयोध्या नगरात घर बांधत होता. सिमेंटच्या पोत्यांवर राखण हवीच होती. साखळीला बांधून ठेवीन म्हणाला. रविवारी संध्याकाळी न्यायला येणार असं ठरलं.

कमलिनीच्या पोटच्या पोराच्या मनगटाशी दात आले होते. पण तिच्या डोळ्यांपुढून ती साखळी हलेना.

त्या रविवारी दुपारी, सासूबाईंचा डोळा लागल्यावर, ती निनादच्या डोक्याला चंदन लावत होती. नव्या टकलावर घामोळं नुसतं फुललं होतं. तिचं बोट लागलं आणि पोरगं किंचाळून तिला चावलं. नुकत्याच आलेल्या दातांनी, चांगलं करकचून.

"आई गं! मेल्या, दुखतंय म्हणून आईला चावतोस?"

बोलता बोलता ती थबकली. मग चंदनाची वाटी तशीच ठेवून कूलरपाशी गेली. लवंगीच्या पाठीवरून हात न फिरवता तिने नुसतं वाकून पाहिलं. खांद्यापासून कंबरेपर्यंत कातडी लालभडक, जागोजागी सोललेली. बागेतल्या उन्हाने भाजून काढली होती. आणि इतक्या दिवसांत घरातल्या एकानेही पाहिलं नव्हतं. तिनेही नाही.

"माझे बाई," ती पुटपुटली, "तू सांगणार तरी कशी?"

संध्याकाळी गजानन साखळी घेऊन आला तेव्हा लवंगी दिलीपचा जुना बनियन घालून दारात उभी होती.

"अरे यार दिलीप, पगारात भागत नाही का? बायको तुझे कपडे कुत्र्याला घालतेय!"

दिलीप ओशाळला. "अगं, काय हे?"

"आई," कमलिनी सरळ सासूबाईंकडेच वळली, "जरा इकडे या. हिच्या डोक्यावर हात ठेवा."

"मी? शिवायचीसुद्धा नाही."

"एकदाच. मी तोंड धरते."

सासूबाईंनी नाक मुरडत दोन बोटं टेकवली. लवंगीने शेपटी हलवली. कमलिनीने बनियन वर सारला. "आता इथे, अगदी हळू." बोट टेकायच्या आधीच गुरगुर सुरू झाली. सासूबाईंनी हात मागे घेतला, पण नजर काढली नाही. त्या लाल कातडीवर आणखी वाकल्या.

"भाजलंय की गं हे."

"आपणच भाजलंय, आई. हौसेने."

"मग वहिनी, नेऊ का नको?" गजाननने साखळी हलवली.

दिलीप आईकडे बघत होता. त्या म्हणाल्या, "केस येईपर्यंत पोर आणि ही एका खोलीत नकोत. क्षणभरसुद्धा. आणि केस आल्यावरही गुरगुरली तर गजाननला मी स्वतः बोलवीन. हे सगळं बघणार कोण?"

"मी."

"दुपारी झोपायचं विसर मग."

"विसरले."

गजानन चहा पिऊन, "माझ्या सिमेंटचं काय आता?" असं कुरकुरत स्कूटरला किक मारून गेला.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या खोलीचं दार लागलं. दाराच्या अलीकडे निनाद दारावर थापट्या मारून रडायचा, पलीकडे लवंगी फटीत नाक खुपसून कुंईकुंई करायची. कमलिनी दाराशी बसायची, एक कान इकडे, एक तिकडे. डोळे मिटायला लागले की दोघांपैकी कुणीतरी हाक मारायचंच.