साखऱ्यातलं ऊन

"पडीक? मंग माझ्या शेळ्या काय गोटे खातेत व्हय?"

चांगुणा मावशी माळावर पदर खोचून उभी होती. समोर सरपंच व्यंकटराव, अन् त्यांच्या आडोशाला परभणीवरून आलेला तरणा इंजिनेर. बहात्तरचा दुष्काळ सरून पाच-सहा सालं झाली होती. आमच्या साखऱ्याचा माळ असा, की चैतात वहाणेतून चटका बसावा. पण कुसळीचं गवत, बोरी, बाभळीच्या शेंगा, एवढ्यावरच गरिबाघरची शेळी जगायची. अन् मावशीसारखी रांडमुंड बाई त्या शेळीवर जगायची.

सरकारनं म्हणे उन्हाचं नवं खातं काढलं होतं. माळभर आरसे मांडायचे, उन्हानं पाणी उकळायचं, वाफेवर इंजिन फिरवायचं अन् वीज काढायची.

"मावशे, देशाचं काम हाये," व्यंकटराव म्हणाले. "ऊन काय तुह्या बापाचं हाये?"

"ऊन न्या की पोती भरभरून! माळ काहून नेऊन राहिले?"

व्यंकटरावांचं काय जात होतं? माळ गावाचा, अन् विजेची पहिली तार त्यांच्या मळ्यात जाणार. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

आधी एका कोपऱ्यात आरसे लागले, तेवढ्यालाच कुंपण पडलं. इंजिनेर पोरगा गुणाचा. काळा ठिक्कर पडेस्तोवर राबला. अन् एका भर दुपारी ते इंजिन खरंच धकधकलं, अन् डोळे दिपवणाऱ्या उन्हात एक दिवा लागला.

"आगं माय," मावशीची शेजारीण केशरबाई म्हणाली, "उन्हात दिवा लावाया येवढा खटाटोप?"

सारा गाव हसला. मावशी हसली नाही. तिनं इंजिनेराला इचारलं, "लेकरा, आता फुडं काय?"

"मोठे साहेब येऊन बघतील. इंजिन चालताना दिसलं की मंजुरी. मग सगळ्या माळाला कुंपण."

साहेबाचा दिवस ठरला तसे व्यंकटराव मावशीच्या दारात आले. "साहेबाला मटन लागते. तुहं एखादं करडू दे."

मावशीनं दावणीकडं एकवार बघितलं अन् म्हणाली, "करडानं काय व्हते? बोकडच न्या माझा. रांधून बी मीच देते."

"आता कसं बराबर बोललीस!" व्यंकटराव खूश होऊन गेले.

बोकड कसला, गावातल्या निम्म्या शेळ्यांचा म्हातारा नवरा तो. दाढी गुडघ्याला टेकलेली. कापायच्या सकाळी मावशीनं त्याला ओंजळीनं पाणी पाजलं, त्याच्या मानेवर तोंड ठेवून रडली, अन् डोळे पुसून मसाला वाटायला बसली.

साहेब सकाळी यायचे ते पोचले दुपारी. जीपमधून उतरले अन् थेट व्यंकटरावांच्या लिंबाखाली टेकले. इंजिनेर पळत आला.

"सर, ऊन एकदम बरोबर आहे. आत्ताच चला."

"अरे, ऊन काय पळून चाललंय? आधी जेवण."

तिकडं मावशीनं चुलीत ओली बाभळ घातलेली. जाळ कमी, धूर फार. व्यंकटराव खोकत आत आले.

"मावशे, झालं का न्हाई?"

"साहेबाचे दात बळकट हायेत ना? मंग आत्ताच वाढते."

साहेबाला कवळी होती. व्यंकटराव आल्या पावली माघारी फिरले. मावशीनं मागोमाग वाटीभर रस्सा धाडला. साहेबानं तो भुरकला, बोटं चाटली अन् म्हणाले, "वा! शिजू द्या सावकाश."

लिंबाची सावली बाजेवरून सरकली, दावणीपर्यंत गेली. इंजिनेर माळाकडं पळायचा, परत यायचा. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. एकदाचं जेवण झालं. साहेबानं ढेकर दिला, "जरा पाठ टेकतो," म्हणाले अन् घोरायला लागले.

माळावर पोचले तेव्हा सूर्य बाभळीआड उतरला होता. आरशांत नुसती लाली. इंजिन दोनदा खोकललं अन् गप्प झालं.

"सर, दुपारी चालत होतं हो!"

"दुपारी सगळंच चालतं," साहेब जीपमध्ये बसत म्हणाले.

इंजिनेर तिथंच आरशापाशी मटकन बसला. मावशीनं त्याच्यासाठी भाकरी अन् बेसन नेलं. त्यानं खाल्लं नाही. तिलाही त्या रात्री घास गेला नाही.

वैशाखात धर्मसिंग ड्रायव्हर आरसे उचलायला ट्रक घेऊन आला. माळ नुसता तापल्या तव्यासारखा. त्यानं डोक्यावर पाण्याची घागर ओतून घेतली. आम्ही इचारलं, "काहून उचलून राहिला बाप्पा?"

"साहेबानं वर कळवलं. साखऱ्यात ऊन कमी पडते."

घामानं निथळत आम्ही सारे एकमेकांकडं बघत राहिलो.

"मंग आता कुठं नेता?" मावशीनं इचारलं.

"लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. तिकडं लई मोठा माळ हाये म्हनतेत."

"तिकडं कोनी राहते का?"

"मला काय ठावं, माय? मी गाडी हाकतो."

ट्रक गेला. मावशीनं कुंपणाची तार काठीनं दाबून धरली, अन् शेळ्या एकेक करून आत गेल्या.